घर विकण्याआधी बाथरूमवर किती खर्च करायचा?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना दोनदा आलेलं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा ओलसर आहे.

अकोल्यातलं आमचं घर आम्ही विकलं. बाबा रिटायर झाले, ताई अमरावतीला असते, आईच्या गुडघ्यांना आता पायऱ्या नको वाटतात. म्हणून ठरलं, की हे विकायचं आणि ताईजवळ लहान घर घ्यायचं. घर १९९८ सालचं. दलाल काका पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा हॉल चांगला म्हणाले, अंगण चांगलं म्हणाले. मग बाथरूमचं दार उघडलं आणि गप्प झाले. निघताना बाबांना म्हणाले, "हे एवढं करून घ्या साहेब, मंग पाहा."

आता "एवढं" म्हणजे केवढं? बाबांनी मिस्त्री बोलावला. त्यानं हिशेब दिला पावणेदोन लाखांचा. नवीन टाइल्स, भिंतीला टांगलेला कमोड, काचेचं पार्टिशन, वर फॉल्स सीलिंग. बाबा तयार झाले होते. मी पुण्याहून फोनवर म्हटलं, आठ दिवस थांबा, मी येतो.

माझा बीटेक कॉम्प्युटरचा, सिव्हिलचा नाही. त्यामुळे मी दोन प्लंबर, एक बँकेचे व्हॅल्युअर आणि आमचे सीए अशा चौघांना विचारत फिरलो. त्यातून जे समजलं आणि आमच्या घरात जे झालं, ते आज सांगतो.

घेणारा नेमकं काय विकत घेतोय?

आपल्याकडे, म्हणजे अकोला-अमरावतीत, अजूनही बरीच विक्री प्लॉटवरच्या बांधलेल्या घरांची होते. तिथे पहिला प्रश्न हा, की समोरचा माणूस घर घेतोय की जागा?

एक उदाहरण समजा. प्लॉट १५०० स्क्वेअर फूट, त्या भागातला भाव २५०० रुपये फूट. म्हणजे साडेसदतीस लाखांची नुसती जागा. घराची मागणी ४८ लाख. मग पंचवीस-सव्वीस वर्षांच्या बांधकामाचे उरले साडेदहा लाख. त्यात पावणेदोन लाखांचं बाथरूम म्हणजे अख्ख्या बांधकामाच्या किमतीचा सहावा हिस्सा! आणि घेणारा जर पाडून नवीन बांधणार असेल, तर तुमचा टांगलेला कमोड जेसीबीखालीच जाणार.

म्हणून आधी दलालाला स्पष्ट विचारा: या गल्लीत गेल्या दोन-तीन वर्षांत जी घरं विकली गेली, त्यातली पाडली किती आणि लोक राहायला किती आले? पाडणारे जास्त असतील तर हा भाग इथेच बंद करा आणि बाथरूम फक्त घासून घ्या.

दुसरी गोष्ट मला व्हॅल्युअर साहेबांनी सांगितली. सरकारी रेडी रेकनरचा दर ठरतो जागा कुठे आहे, बांधकाम कोणत्या प्रकारचं आहे आणि किती जुनं आहे यावर. बँकेचं मूल्यांकनही मुख्यतः याच गोष्टींवर चालतं. तुम्ही टाइल्स साध्या लावल्या की इटालियन, यानं घेणाऱ्याचं कर्ज वाढत नाही. म्हणजे तुमच्या टाइल्सचे पैसे त्याला स्वतःच्या शिलकीतून द्यावे लागतात. आणि पहिलं घर घेणाऱ्या माणसाजवळ शिल्लक हीच सगळ्यात कमी असते.

अमेरिकेत याचा दरवर्षी हिशेब छापून येतो, 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' नावानं. तिथेही बाथरूमवर घातलेला पूर्ण पैसा विक्रीत परत येत नाही, आणि महागड्या कामाचा परतावा मध्यम कामापेक्षा कमी असतो. तिथली घरं वेगळी, बाजार वेगळा. पण कल तोच.

वाढत काही नाही, कापलं मात्र जातं

मग बाथरूम तसंच सोडायचं का? तर तेही नाही. मिस्त्रीच्या आधी एक गिऱ्हाईक घर पाहून गेलं होतं. बाथरूमला लागून बेडरूम आहे, त्या भिंतीला ओल होती. रंगाचे पापुद्रे, खाली लोणा. त्या माणसानं भिंतीला हात लावला आणि सरळ तीन लाख कमी सांगितले.

ती ओल दुरुस्त करायला पुढे आम्हाला लागले साडेसोळा हजार.

हा फरक कुठून आला यावर मी बराच विचार केला. घेणाऱ्याला ओलीचं कारण माहीत नसतं. पाइप फुटलाय, जमिनीतून येतंय की पाया खचतोय? काळ्या मातीवरचं घर, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. तो सगळ्यात वाईट कारण धरतो आणि त्याचे पैसे कापतो. आमच्या धंद्यात म्हणायचं तर हा बग आहे, आणि टांगलेला कमोड हे फीचर. फीचरसाठी तो पाच रुपये जास्त देईल की नाही हे सांगता येत नाही. बगचे पन्नास नक्की कापेल.

म्हणून माझा नियम असा झाला: ज्यामुळे समोरच्याला भीती वाटेल त्यावर खर्च करायचा. ज्यामुळे फक्त आपल्याला अभिमान वाटेल त्यावर नाही.

ओल कुठून येते ते कसं शोधायचं

इथे घरात जरा वाद झाला, तो सांगतोच. मिस्त्री म्हणाला, "साहेब, जुन्यावरच नवीन टाइल मारून देतो. बेडरूमकडून पुट्टी अन् रंग. दोन वर्सं काहीच दिसत नाही."

बाबा म्हणाले, "मंग करून टाकू ना."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अन् आतून पाणी चालूच राहीन, त्याचं काय? उद्या त्याइचं लेकरू त्या भिंतीले लागून झोपन."

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मिस्त्रीला फोन करून थांबवलं.

मग आम्ही ओलीचं मूळ शोधलं. याला कुठलंही यंत्र लागलं नाही, पेन्सिल लागली. बेडरूमच्या भिंतीवर ओलीची कड पेन्सिलीनं आखायची आणि शेजारी तारीख लिहायची. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिले तीन दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ बंद, पण नळांना पाणी चालू. कड पुढे सरकली. म्हणजे दोष फरशीवरून वाहणाऱ्या पाण्याचा नसावा. पुढचे तीन दिवस त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद. कड जागच्या जागी थांबली. म्हणजे भिंतीतली पाण्याची लाइन. फोडून पाहिलं तर जुन्या जीआय पाइपचं एल्बो गंजून चाळणीसारखं झालेलं.

फरशीची चाचणी वेगळी करायची. नहाणी ट्रॅप कापड आणि प्लास्टिकनं बंद करून वर दीड-दोन इंच पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि २४ तास सोडायचं. आपल्या उन्हाळ्यात पाणी नुसतं वाफेनंही उतरतं, म्हणून शेजारी एका पसरट घमेल्यात तेवढंच पाणी ठेवायचं. दोन्ही सारखंच उतरलं तर फरशी ठीक. फरशीचं जास्त उतरलं तर वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. फ्लॅट असेल तर ही चाचणी खालच्यांना सांगून करा आणि त्यांच्या छतावरही लक्ष ठेवा.

फ्लशटँकची चाचणी सगळ्यात सोपी. टाकीत खायचा रंग टाकायचा आणि वीस मिनिटं फ्लश करायचं नाही. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. हे शे-दोनशे रुपयांचं काम, पण भांड्यात सतत वाहणारं पाणी पाहून घेणाऱ्याचं मन खट्टू होतं.

आपलं पाणी आणि पांढरे डाग

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलाय, हे आपल्याला शाळेपासून माहीत. अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचं आणि अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं गोडं पाणी येतं. पण नळ रोज येत नाही, म्हणून अर्धी गरज बोअरवर. आणि आमच्या बोअरचं पाणी जड.

जड पाण्यातला क्षार नळावर, टाइल्सवर आणि सगळ्यात जास्त गिझरच्या कॉइलवर बसतो, कारण पाणी तापलं की तो लवकर सुटतो. याचे दोन अर्थ. एक, तुमचं बाथरूम जेवढं जुनं दिसतं तेवढं ते नसेलही. टाइल्स चांगल्या असतात, वर थर असतो. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून कापडानं लावा, पंधरा-वीस मिनिटांनी घासा. आमच्या अर्ध्या टाइल्स अशाच वाचल्या. दुकानातलं कडक ॲसिड शक्यतो नको. ते नळाचं क्रोम आणि टाइल्समधलं सिमेंट खातं, मोझॅकची तर वाट लावतं. आणि ॲसिड व ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

दुसरा अर्थ, काचेचं पार्टिशन आपल्याकडे घेऊ नका. बोअरच्या पाण्याच्या थेंबांनी दोन महिन्यांत त्यावर पांढरी नक्षी होते. घेणारा इथलाच असतो, त्याला हे माहीत असतं.

आम्ही काय केलं

हा आमचा खर्च, मजुरीसकट:

– गंजलेल्या लाइनच्या जागी सीपीव्हीसी पाइप, भिंत फोडणं-भरणं: १६,५००
– नहाणी ट्रॅप नवीन, फरशीचा उतार नीट, टाइल्सचे जॉइंट भरणं: ७,०००
– नळ, अँगल कॉक, फ्लशटँकचं आतलं सामान: ६,२००
– खालून कुजलेल्या दाराऐवजी पीव्हीसी दार: ५,५००
– गिझरची वायर, अर्थिंग, आरसीसीबी, एलईडी, एक्झॉस्ट: ४,८००
– बेडरूमच्या त्या भिंतीचा रंग: २,०००

एकूण ४२,००० रुपये. तुमच्या गावात दर थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम हाच ठेवा.

उताराबद्दल सांगतो. पाणी कोपऱ्यात साचतं का, हे घेणारा एक मग ओतून पाहतो. मीटरला एक-दोन सेंटीमीटर उतार ट्रॅपकडे असला की पुरे. आणि वायरिंग दिसत नसलं तरी सोडू नका. २००० वॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३. आमचा तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालत होता, अर्थिंगशिवाय. हे विक्रीसाठी नाही, आधीच करायला हवं होतं. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी करंट गळला की लगेच बंद पडतो. बाथरूममध्ये जीव वाचवणारी वस्तू तीच.

कमोडचं काय? घरात दोन संडास असतील तर एक भारतीय, एक वेस्टर्न ही आपल्याकडे सगळ्यांना चालणारी जोडी. एकच असेल आणि तो भारतीय असेल, तर म्हातारी माणसं असलेलं गिऱ्हाईक बिचकतं. तिथे बदल विचारात घ्या. पण आधी प्लंबरकडून ट्रॅप जमिनीतून जातो की भिंतीतून ते पाहून घ्या, नाहीतर अख्खी फरशी फोडावी लागते. आमच्याकडे दोन्ही होते, म्हणून हात लावला नाही.

वास्तूचाही प्रश्न येतोच. संडास ईशान्येला असला तर काही लोक उंबऱ्यावरूनच परत जातात. त्यासाठी संडास हलवायच्या भानगडीत पडू नका. ज्याला चालत नाही तो तुमचा गिऱ्हाईक नाही, एवढं समजायचं.

आणि आता माझी चूक. मला वाटलं एक तरी छान वस्तू हवी. मी साडेसहा हजारांचा रेन शॉवर आणला. आमचं घर एकमजली, टाकी गच्चीवर. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी शॉवरपेक्षा अडीच मीटर वर, म्हणजे पाव बार. त्या मोठ्या तबकडीच्या शॉवरला किमान त्याच्या दुप्पट तरी दाब हवा. हे गणित मी शॉवर बसवल्यावर केलं. बाबा खाली उभे राहून वर पाहत म्हणाले, "हा पाऊस हाय का रे? हे तं दव पडून रायलं." प्रेशर पंप बसवायचा तर आणखी खर्च. शॉवर काढला, जुना लावला. साडेसहा हजार माझ्या खात्यावर.

फुकटातलं काम

अमरावती जिल्हा गाडगेबाबांचा. झाडू हा अजूनही सगळ्यात स्वस्त अपग्रेड. जुने डबे, तुटके मग, दारामागचे खिळे काढा. बल्ब पांढरा आणि मोठा लावा.

घर बंद ठेवून विकत असाल तर एक गोष्ट नक्की करा. प्रत्येक ट्रॅपमध्ये थोडं पाणी साचलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. बंद घरात, त्यात अकोल्याच्या मे महिन्यात, ते आटतं. मग वास आणि झुरळं दोन्ही वर येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं ड्रेनेज खराब आहे. आठवड्यातून एकदा कुणाला तरी पाठवून प्रत्येक ट्रॅपमध्ये आणि संडासात बादलीभर पाणी ओतायला सांगा.

कायदा आणि कर, थोडक्यात

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. नवीन टाइलमागे चालू असलेली गळती यातच मोडू शकते. आईला कलम माहीत नव्हतं, पण ती बोलली तेच.

कराचं असं, की साध्या दुरुस्तीचा आणि रंगाचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होत नाही. घरात कायमची नवी भर घातली तर ती सुधारणा म्हणून धरता येऊ शकते, पण बिलं हवीत. "पैसे टॅक्समध्ये वाचतील" या भरवशावर मोठं काम काढू नका. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के दर आला. त्या तारखेच्या आधी घेतलेल्या घराला, भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी, इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेब करून कमी भरेल तो कर भरायची सोय ठेवली गेली. तुमच्या घराला काय लागू होतं ते इसार घेण्याआधी सीएला विचारा, नंतर नाही.

शेवटी काय झालं

भिंत फोडली तेव्हा मी फोटो काढले होते. गंजलेला एल्बो, नवीन पाइप, पेन्सिलीच्या तारखा, बिलं. सगळं एका फाइलमध्ये ठेवलं. मूर्तिजापूरकडचे एक सर घर पाहायला आले. बाबांनी बाथरूम दाखवायच्या आधी फाइल दाखवली आणि सांगितलं, इथे ओल होती, हे कारण, हे काम केलं.

सरांनी सगळे फोटो पाहिले. मग म्हणाले, "काकाजी, मंग अजून कुठी काय हाय, तेबी सांगून टाका."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि गच्चीच्या कोपऱ्यातली भेग सांगितली. दलाल काकांनी डोक्याला हात लावला. सरांनी स्वतःचा प्लंबर आणून पाहिलं आणि गच्चीपोटी पन्नास हजार कमी केले. बाथरूमपोटी एक रुपया नाही. आठवडाभरात इसार झाला.

एका घरावरून नियम होत नाही, आणि त्या पन्नास हजारांबद्दल बाबा अजूनही अधूनमधून बोलतात. पण पहिल्या गिऱ्हाइकाचे तीन लाख आठवले की गप्प होतात.

तर मंडळी, घर विकायचं असेल तर मिस्त्रीला फोन करण्याआधी पेन्सिल घ्या. आधी ओल शोधा, मग उतार, मग वायर, मग नळ आणि दार. त्यानंतर पैसे उरले तर नवीन घरासाठी ठेवा. आमचे उरलेले ताईच्या शेजारच्या घरात गेले. तिथल्या बाथरूममध्ये आईसाठी पकडायचे दोन दांडे लावलेत. त्या खर्चाचा हिशेब कोणी विचारला नाही.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.